एकसारखी वाटणारी इंग्रजी विशेषणं: फरक ओळखायचा कसा आणि वापरायचा कसा

कोल्हापुरात रस्सा तांबडा असतो आणि एसटी लाल परी असते. 'लाल रस्सा' कुणी मागत नाही, 'तांबडी परी' कुणी म्हणत नाही. माती तांबडी, पण गाडीवरचा दिवा लाल. रंगात फार फरक नाही. तरी कशाला कुठलं विशेषण लावायचं हे आपल्याला विचार न करता कळतं, कारण लहानपणापासून ती जोडी तशीच कानावर पडलेली असते.

इंग्रजीत आपण अडतो ते नेमकं इथंच. 'बिग', 'लार्ज', 'ग्रेट' या तिन्हींपुढे इंग्रजी-मराठी डिक्शनरीत 'मोठा' असं छापलेलं असतं. ते पाठ केलं की वाटतं, कुठलाही वापरला तरी चालतो. मग महाद्वार रोडवरच्या दुकानाची पाटी, शिरोलीच्या फाउंड्रीतून परदेशी ग्राहकाला गेलेला मेल, पन्हाळ्यावरच्या होमस्टेची जाहिरात, स्पर्धा परीक्षेचा पेपर, सगळीकडे तीच गडबड. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, पण शब्द त्या जागेचा नाही.

यावर मला खात्रीनं सांगण्यासारखा उपाय एकच वाटतो. विशेषणाचा मराठी अर्थ एकटा पाठ करू नका, त्याच्यासोबत येणारं नाम पाठ करा. आणि दोन शब्दांत गोंधळ झाला की ठरावीक प्रश्न विचारा. ते प्रश्न पुढे पायरीपायरीनं दिले आहेत.

आधी एक गोष्ट: इतके जवळजवळचे शब्द आले कुठून?

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढची दोनतीनशे वर्षं दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन आणि घरादारात इंग्रजी अशी स्थिती होती. त्यामुळे एकाच कल्पनेला दोन-दोन, तीन-तीन शब्द साठले. राजासंबंधीचीच विशेषणं बघा: 'किंगली' जुन्या इंग्रजीतलं, 'रॉयल' फ्रेंचमधून आलेलं, 'रीगल' लॅटिनमधून. कोल्हापूरचं राजघराणं 'रॉयल फॅमिली' असतं. एखाद्या बाईंची चाल आणि डौल राणीसारखा असेल तर तो 'रीगल'. 'किंगली' आज क्वचितच ऐकू येतं.

मराठीतही हे झालेलंच आहे. चप्पल 'नवी' असते, पण पत्रिकेत 'नूतन वास्तू' छापतो. 'नूतन चप्पल' म्हटलं तर ऐकणारा हसेल. अर्थ तोच, पण शब्दाचा मान वेगळा. हा कान मराठीत तुमच्याकडे आहेच, तोच इंग्रजीसाठी तयार करायचा आहे.

पहिली पायरी: आधी नाम, मग विशेषण

वहीत 'हाय म्हणजे उंच, टॉल म्हणजे उंच' असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही. 'टॉल मॅन, टॉल ट्री, टॉल चिमनी' असं एका ओळीत लिहा आणि खाली 'हाय वॉल, हाय हिल, हाय शेल्फ'. ओळी वाचल्या की फरक आपोआप दिसायला लागतो. जे रुंदीपेक्षा उंचीला जास्त असतं आणि जमिनीपासून सरळ वर जातं, ते 'टॉल': माणूस, झाड, साखर कारखान्याची चिमणी, न्यू पॅलेसचा घड्याळाचा मनोरा. जे पसरट आहे किंवा जमिनीपासून वर कुठंतरी आहे ते 'हाय': पन्हाळ्याचा डोंगर, तटबंदी, माळ्यावरचं शेल्फ, आकाशातला ढग. इमारतीला दोन्ही चालतात, 'टॉल' जास्त. माणसाला मात्र 'हाय' कधीच नाही, 'ही इज हाय' म्हटलं तर तो नशेत आहे असा अर्थ होतो. भाव, ताप, वेग यांना नेहमी 'हाय'.

'मोठा' हे प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. 'बिग' हा बोलण्यातला शब्द, आकार आणि महत्त्व दोन्हींसाठी: 'बिग हाउस', 'बिग मिस्टेक', 'बिग डिसिजन'. 'लार्ज' थोडा औपचारिक आणि मोजमापाकडे झुकणारा: 'लार्ज क्वांटिटी', 'लार्ज अमाउंट', 'लार्ज ऑर्डर'. कास्टिंगची चौकशी करणाऱ्या ग्राहकाला उत्तर लिहिताना 'वी कॅन सप्लाय लार्ज क्वांटिटीज' हे 'बिग क्वांटिटीज'पेक्षा कितीतरी नीट वाटतं. 'ग्रेट' आकारापेक्षा थोरवीकडे आणि भावनेकडे जातो: 'ग्रेट किंग', 'ग्रेट प्लेझर', 'ग्रेट डिफिकल्टी'. आणि नात्यातला मोठा भाऊ 'बिग ब्रदर' किंवा 'एल्डर ब्रदर'. 'लार्ज ब्रदर' म्हटलं तर भाऊ अंगानं अवाढव्य आहे असं ऐकू येईल, 'ग्रेट ब्रदर' म्हटलं तर तुम्ही त्याचं कौतुक करताय असं.

'रिकामा'चंही तसंच. डबा 'एम्प्टी', कागद 'ब्लँक', लॉजमधली खोली किंवा ऑफिसमधली जागा 'व्हेकंट'. खोलीत सामान नसेल तर ती 'एम्प्टी', सामान आहे पण गिऱ्हाईक नाही तर 'व्हेकंट'. अंबाबाईच्या नवरात्रात मंदिराभोवती एकही 'व्हेकंट रूम' मिळत नाही.

'फास्ट' आणि 'क्विक' दोन्ही चपळ वाटतात. पण 'फास्ट' म्हणजे वेग जास्त, 'क्विक' म्हणजे वेळ कमी. गाडी 'फास्ट', आंघोळ 'क्विक'. 'क्विक लुक', 'क्विक रिप्लाय', 'क्विक मील'. 'फास्ट रिप्लाय' कुणाला कळणार नाही असं नाही, पण कानाला खटकतं. खांदे 'ब्रॉड' आणि रस्ता 'वाइड', हेही असंच नामासकट लक्षात ठेवा.

दुसरी पायरी: हे माणसाला वाटतंय की वस्तू तसं वाटायला लावतेय?

आपल्या भागातल्या मुलांच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथली आहे, म्हणून थोडं थांबूया. 'आय ॲम बोरिंग' म्हणजे 'मी कंटाळवाणा माणूस आहे'. म्हणायचं असतं 'आय ॲम बोअर्ड'. 'आय ॲम इंटरेस्टिंग इन क्रिकेट', 'आय ॲम कन्फ्यूजिंग' ही त्याचीच भावंडं.

चूक होते याला कारण आहे. मराठीत अशा वाक्यांत माणूस 'मला' होऊन बसतो: मला कंटाळा आला, मला आश्चर्य वाटलं, मला रस आहे, मला धक्का बसला. इंग्रजीत तोच माणूस 'आय' होऊन कर्त्याच्या जागी येतो आणि आपण गडबडतो. म्हणून ही खूण वापरा: मराठी वाक्यात 'मला, तुला, त्याला' आलं आणि भावना त्या माणसाच्या मनात आहे, तर इंग्रजीत ईडी शेवट असलेलं रूप. 'आय वॉज सरप्राइज्ड', 'शी इज इंटरेस्टेड इन म्युझिक', 'वी वेअर शॉक्ड'. भावना निर्माण करणारी गोष्ट असेल तर आयएनजी शेवट: 'अ बोरिंग लेक्चर', 'ॲन इंटरेस्टिंग मॅच', 'शॉकिंग न्यूज'. खासबागेत कुस्ती 'एक्सायटिंग' असते आणि प्रेक्षक 'एक्सायटेड'.

'कन्व्हीनियंट' आणि 'कम्फर्टेबल' या जोडीलाही हाच प्रश्न लावा. 'आर यू कन्व्हीनियंट ॲट फाइव्ह?' हे वाक्य ऑफिसच्या फोनवर रोज ऐकू येतं आणि ते चूक आहे. माणूस सोयीचा नसतो, वेळ सोयीची असते. गंमत अशी की इथं मराठी आपल्याला बरोबर वाट दाखवते. आपण 'तुम्ही पाचला सोयीचे आहात का' असं विचारत नाही, 'पाचला तुम्हाला सोयीचं आहे का' असं विचारतो. तेच इंग्रजीत: 'इज फाइव्ह ओक्लॉक कन्व्हीनियंट फॉर यू?' उलट 'कम्फर्टेबल' दोघांनाही चालतो. चप्पल 'कम्फर्टेबल' असते आणि ती घालणारा माणूसही 'कम्फर्टेबल' असतो. घर स्टँडजवळ असेल तर 'कन्व्हीनियंट', गादी मऊ असेल तर 'कम्फर्टेबल'.

जेवणाच्या पाटीवर 'टेस्टफुल फूड' दिसलं की मला वाईट वाटतं, कारण आतला रस्सा खरंच चांगला असतो. पदार्थ 'टेस्टी' असतो. 'टेस्टफुल' म्हणजे अभिरुची असलेल्या माणसानं केलेलं: सजावट, कपडे, घराचा रंग.

तिसरी पायरी: शब्दाचं शेपूट बघा

मूळ शब्द एक आणि शेवट दोन, अशा जोड्या परीक्षेत हमखास येतात.

'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' यांच्यासाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. 'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाशी संबंधित, भूतकाळातलं. 'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासात महत्त्वाचं ठरलेलं. 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकरीतल्या 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो निर्णय 'हिस्टॉरिक डिसिजन'. त्या काळातले जमाखर्चाचे साधे कागद 'हिस्टॉरिकल डॉक्युमेंट्स'. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निसटले, ती सुटका 'हिस्टॉरिक एस्केप', आणि त्यावर कुणी कादंबरी लिहिली तर ती 'हिस्टॉरिकल नॉव्हेल', मग ती चांगली असो वा सुमार. टाउन हॉल म्युझियममधल्या वस्तू 'हिस्टॉरिकल ऑब्जेक्ट्स'. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या कांस्यमूर्तीसाठी 'एन्शंट' हा शब्द आणखी नेमका, कारण ती प्राचीन काळातली आहे. कसोटी अशी: वाक्यात 'अतिशय महत्त्वाचं' घालून बघा. अर्थ टिकला तर 'हिस्टॉरिक'.

'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेसंबंधी: 'इकॉनॉमिक पॉलिसी', 'इकॉनॉमिक ग्रोथ'. 'इकॉनॉमिकल' म्हणजे कमी खर्चाचं, काटकसरीचं: 'ॲन इकॉनॉमिकल कार'. ऊस उत्पादकांच्या अडचणी 'इकॉनॉमिक प्रॉब्लेम्स', पण ठिबकवर पाणी कमी लागतं म्हणून ती पद्धत 'इकॉनॉमिकल'.

'क्लासिकल' म्हणजे शास्त्रीय परंपरेतलं. शाहू महाराजांच्या दरबारात गायलेले उस्ताद अल्लादिया खाँ हे 'क्लासिकल सिंगर'. 'क्लासिक' म्हणजे आपल्या प्रकारातला अस्सल नमुना: 'अ क्लासिक मॅच', 'अ क्लासिक एक्झाम्पल'. 'इलेक्ट्रिक' थेट विजेवर चालणाऱ्या ठरावीक वस्तूला ('इलेक्ट्रिक मोटर', 'इलेक्ट्रिक स्कूटर'), 'इलेक्ट्रिकल' त्या विषयाला आणि सरसकट गटाला ('इलेक्ट्रिकल इंजिनिअर', 'इलेक्ट्रिकल गुड्स').

बाकीच्या जोड्या भराभर: शिरोलीची एमआयडीसी 'इंडस्ट्रियल एरिया', तिथला कष्टाळू कामगार 'इंडस्ट्रियस'. समजूतदार माणूस 'सेन्सिबल', हळवा माणूस 'सेन्सिटिव्ह'. 'चाइल्डलाइक' म्हणजे लहान मुलासारखा निर्मळ, 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. यातला पहिला कौतुकाचा, दुसरा टीकेचा.

पावसाची जोडी मात्र थांबून बघण्यासारखी आहे. 'कंटिन्युअस' म्हणजे खंड न पडता चाललेलं, 'कंटिन्युअल' म्हणजे थांबून थांबून पुन्हा पुन्हा होणारं. जुलैत गगनबावड्याकडे रात्रभर न थांबता कोसळतो तो 'कंटिन्युअस रेन'. दिवसातून चार वेळा वीज जाते ते 'कंटिन्युअल पॉवर कट्स'. आपल्या बोलण्यातली झड आणि सरी हा फरक डोळ्यांपुढे आणलात तर ही जोडी चुकणार नाही.

चौथी पायरी: बोलणाऱ्याच्या मनात काय आहे?

अर्थ जवळपास तोच, पण एका शब्दात कौतुक, दुसऱ्यात नावं ठेवणं. धंद्यात सगळ्यात जास्त नुकसान याच फरकामुळे होतं असं मला वाटतं, म्हणून एक पाटी जवळून बघू.

समजा चपलांच्या दुकानावर लिहिलंय: 'ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल, चीप रेट, व्हेरी बेस्ट क्वालिटी.' दुकानदाराला म्हणायचंय की माल अस्सल आहे, भाव परवडणारा आहे, दर्जा उत्तम आहे. परदेशी पाहुणा काय वाचतो?

'चीप' वाचून त्याला वाटतं, माल हलका असणार. स्वस्त पण चांगलं असेल तर 'इनएक्स्पेन्सिव्ह' किंवा 'अफोर्डेबल'. भाव वाजवी असेल तर 'रीझनेबल'. शिवाय वस्तू 'चीप' असते, भाव 'लो' असतो, त्यामुळे 'चीप रेट' ही जोडीच जुळत नाही. 'व्हेरी बेस्ट क्वालिटी' पण असं सुटं बसत नाही, इंग्रजीत 'द व्हेरी बेस्ट' असं म्हणतात. 'एक्सलंट क्वालिटी' पुरे.

आता 'ओरिजिनल'. मराठी बोलण्यात आपण हा शब्द 'अस्सल' या अर्थानं सर्रास वापरतो. इंग्रजीत इथं तीन वेगळे शब्द आहेत. 'जेन्युइन' म्हणजे खोटं नाही: 'जेन्युइन लेदर' म्हणजे रेक्झिन नव्हे, खरं कातडं. 'ऑथेंटिक' म्हणजे परंपरेनं, त्या भागात, त्या पद्धतीनं घडवलेलं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागात बनलेल्या चपलेलाच ते नाव लावता येतं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. त्या भागात पारंपरिक पद्धतीनं हातानं बनवलेली चप्पल ही 'ऑथेंटिक'. 'ओरिजिनल' म्हणजे पहिलं, मूळ किंवा कुणाची नक्कल नसलेलं: कारागिरानं स्वतःच्या डोक्यानं नवी वेणी काढली तर ते 'ओरिजिनल डिझाइन'. तेव्हा पाटी अशी होईल: 'ऑथेंटिक कोल्हापुरी चप्पल्स, हँडमेड, जेन्युइन लेदर, रीझनेबल प्राइसेस.' त्याच दुकानाची, त्याच मालाची पाटी, पण आता पाहुणा आत येईल.

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि मोठी चर्चा झाली. नंतर कंपनीनं भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्या चपलांबद्दल इंग्रजीत लिहिताना 'सिमिलर', 'सेम' आणि 'आयडेंटिकल' यांतलं काय वापरतो यावर आरोप केवढा होतो ते ठरतं. 'सिमिलर टू' म्हणजे मिळत्याजुळत्या, 'आयडेंटिकल' म्हणजे तंतोतंत तशाच. निवेदन लिहिणाऱ्यानं हा शब्द तोलूनच घ्यावा.

होमस्टेवाल्यांनी 'होमली' या शब्दापासून सावध राहावं. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये 'होमली' म्हणजे घरगुती, आपुलकीचं. अमेरिकेत माणसाला 'होमली' म्हटलं की तो दिसायला सामान्य, कुरूपच असा अर्थ होतो. 'होमली फॅमिली वेलकम्स यू' वाचून अमेरिकन पाहुणा गोंधळेल. जेवणाला 'होम-कुक्ड', वातावरणाला 'वॉर्म' किंवा 'कोझी' लिहा.

माणसाच्या अंगकाठीबद्दल बोलताना तर जपूनच. 'स्लिम' कौतुक, 'थिन' साधं वर्णन, 'स्किनी' जवळजवळ टोमणा. तालमीतल्या पैलवानाला 'फॅट' म्हणू नका, ते चूकही आहे आणि उद्धटपणाचंही. 'मस्क्युलर', 'वेल-बिल्ट', 'पॉवरफुली बिल्ट' म्हणा. आजोबा 'ओल्ड' असले तरी पाहुण्यांपुढे ते 'एल्डर्ली'. गावातला नामांकित डॉक्टर 'वेल-नोन' किंवा 'फेमस', कुप्रसिद्ध गुंड 'नटोरियस'. 'पॉप्युलर' म्हणजे लोकांना आवडणारा, आणि 'फेमस' माणूस आवडता असेलच असं नाही.

आणि 'तिखट'. तांबडा रस्सा समोर ठेवून पाहुण्याला 'इट इज हॉट' म्हटलं तर तो फुंकर घालायला लागेल, कारण 'हॉट' म्हणजे गरमही आणि तिखटही. 'स्पायसी' म्हटलं की तिखटपणा आणि मसाला कळतो. 'व्हेरी स्पायसी, बट नॉट टू हॉट टू ईट नाउ' असं दोन्ही वेगळं सांगितलेलं बरं. पांढरा रस्सा त्या मानानं 'माइल्ड', नारळाच्या दुधामुळे 'क्रीमी'. झणझणीत मिसळीला 'फायरी' छान बसतो. लसूण-कांद्याच्या उग्र वासाला 'पंजंट'.

पाचवी पायरी: शब्दात जोर किती आहे?

काही विशेषणं कमीजास्त होतात, काहींमध्ये टोकाचा अर्थ आधीच भरलेला असतो. 'बिग'ला 'व्हेरी' लागतं, 'ह्यूज'ला लागत नाही. 'टायर्ड'पुढचं टोक 'एक्झॉस्टेड', 'कोल्ड'पुढचं 'फ्रीझिंग', 'हंग्री'पुढचं 'स्टार्व्हिंग', 'टेस्टी'पुढचं 'डिलिशस'. टोकाच्या शब्दाला जोर द्यायचाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली': 'ॲब्सोल्यूटली डिलिशस'. 'युनिक' म्हणजे एकमेव, त्यामुळे औपचारिक लेखनात 'व्हेरी युनिक' टाळा.

संख्या-परिमाण सांगणाऱ्या शब्दांत एक छोटा 'अ' सगळा अर्थ फिरवतो. 'अ फ्यू स्टुडंट्स केम' म्हणजे थोडी तरी मुलं आली. 'फ्यू स्टुडंट्स केम' म्हणजे फारशी कुणी आलीच नाहीत. मोजता न येणाऱ्या गोष्टींना तेच 'अ लिटल' आणि 'लिटल': 'अ लिटल वॉटर' आहे, चालेल, 'लिटल वॉटर' आहे, म्हणजे पंचाईत.

सहावी पायरी: वाक्यात जागा कुठं?

'अलोन', 'अस्लीप', 'अफ्रेड', 'अलाइव्ह' ही विशेषणं नामाच्या आधी येत नाहीत. 'ॲन अस्लीप बेबी' नाही, 'अ स्लीपिंग बेबी'. 'द बेबी इज अस्लीप' मात्र बरोबर. 'अलोन' म्हणजे सोबत कुणी नाही, 'लोनली' म्हणजे एकाकी वाटतंय. रंकाळ्यावर पहाटे एकटा फिरणारा माणूस 'अलोन' असतो आणि अगदी आनंदातही असू शकतो. वसतिगृहातल्या गर्दीत नवा आलेला मुलगा 'लोनली' असू शकतो.

'एल्डर' मुख्यतः कुटुंबातल्या माणसांसाठी आणि नामाच्या आधी: 'माय एल्डर सिस्टर'. तुलना करताना 'ओल्डर दॅन': 'शी इज ओल्डर दॅन मी'. 'एल्डर दॅन मी' चूक.

आजारी मूल नामाच्या आधी 'सिक चाइल्ड'. 'द चाइल्ड इज इल' ठीक, पण 'ॲन इल चाइल्ड' फारसं कुणी म्हणत नाही. ब्रिटिश माणसानं 'आय वॉज सिक' म्हटलं तर बहुतेक वेळा त्याला उलटी झाली असा अर्थ.

एकाच नामाला चारपाच विशेषणं लावायची असतील तर इंग्रजीत ठरलेला क्रम आहे: आधी तुमचं मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, कुठलं आहे, कशाचं आहे. 'ब्युटिफुल ओल्ड ब्राउन कोल्हापुरी लेदर सँडल्स'. यातला 'ब्राउन' उचलून 'ब्युटिफुल'च्या आधी ठेवा आणि मोठ्यानं वाचा, लगेच खटकेल.

सातवी पायरी: पडताळा कसा घ्यायचा

इंग्रजी-मराठी डिक्शनरी सुरुवातीला ठीक, पण फरक समजायला शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या इंग्रजी-इंग्रजी डिक्शनऱ्या लागतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिन्ही नेटवर फुकट आहेत. शब्द उघडला की अर्थावरून पटकन नजर फिरवा आणि खालची उदाहरणं सावकाश वाचा. शब्द कुठल्या नामांबरोबर येतो, औपचारिक आहे का, निंदेचा आहे का, हे तिथं मिळतं. समानार्थी शब्दांच्या कोशातून मात्र नवा शब्द उचलून थेट वाक्यात टाकू नका. तो कोश आधीच ओळखीच्या शब्दाची आठवण करून देण्यासाठी चांगला असतो.

शंका राहिली तर दोन्ही जोड्या अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा, 'स्ट्राँग टी' आणि 'पॉवरफुल टी' अशा. आकड्यांवर फार विसंबू नका. कुणी वापरलंय ते बघा: चांगल्या वृत्तपत्रांत, पुस्तकांत पहिलीच जोडी दिसेल. आपलाही चहा 'कडक' असतो, 'बलवान' नसतो.

वहीचं पान असं करा. वर जोडी, 'ऑथेंटिक / ओरिजिनल'. त्याखाली प्रत्येकाची तीन नामं. त्याखाली स्वतःच्या रोजच्या आयुष्यातलं एकेक वाक्य: तुमच्या गल्लीतलं, कॉलेजातलं, दुकानातलं. पुस्तकातलं उदाहरण वाक्य म्हणून लिहू नका, ते तिथंच राहतं. आठवड्याला तीनचार जोड्या पुरेत. घाईनं शंभर जोड्यांची यादी पाठ करणाऱ्याला परीक्षेत त्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

सराव

आधी कागदावर उत्तरं लिहा, मग खाली बघा.

एक. नवी स्कूटर चालवायला कमी खर्चाची आहे. ती 'इकॉनॉमिक' की 'इकॉनॉमिकल'?

दोन. मला या नोकरीत रस आहे. 'इंटरेस्टिंग' की 'इंटरेस्टेड'?

तीन. माझा भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. 'एल्डर' की 'ओल्डर'?

चार. लेखिकेचं नुकतंच आलेलं पुस्तक, आणि त्या अजून लिहीत आहेत. 'लास्ट बुक' की 'लेटेस्ट बुक'?

पाच. सोमवारी भेटायला तुम्हाला जमेल का, हे ग्राहकाला विचारायचंय. वाक्य पूर्ण लिहा.

सहा. शाहू महाराजांच्या काळात, 1915 मध्ये उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह. 'हिस्टॉरिक थिएटर' की 'हिस्टॉरिकल थिएटर'?

उत्तरं. एक: 'इकॉनॉमिकल'. दोन: 'इंटरेस्टेड', कारण वाक्यात 'मला' आहे. तीन: 'ओल्डर दॅन मी'. चार: 'लेटेस्ट'. 'लास्ट' म्हटलं तर यापुढे त्या लिहिणार नाहीत असाही अर्थ निघतो. पाच: 'वुड मंडे बी कन्व्हीनियंट फॉर यू?' वाक्याचा कर्ता सोमवार आहे, ग्राहक नाही. सहा: 'हिस्टॉरिक थिएटर', कारण ती वास्तू स्वतःच इतिहासात महत्त्वाची आहे. एखाद्या नाट्यगृहात जुन्या काळावरचं नाटक लागलं तर ते नाटक 'हिस्टॉरिकल प्ले'.